तीन मिनिटं दाबून धरा

सोमवार, ८ जानेवारी

आजही पॅच सुटला.

सिस्टर म्हणाल्या, "सुटला हो मॅडम, सुटला," आणि माझ्या सहायकाकडे बघितलं. सहायक छताकडे बघत होता.

यकृत कापायला घेतलं की एक गोष्ट माणसाला कायमची कळते: हा अवयव म्हणजे रक्तात बुडवून काढलेला स्पंज आहे. आजारी तुकडा काढला, मोठ्या शिरा एकेक करून बांधल्या, टाके घातले, तरी कापलेल्या जागेवर रक्त झिरपत राहतं. पुसलं की पुन्हा. तिथे टाका घालायचा तर धरायचं काय? म्हणून हा पॅच. तळहाताएवढा, वाळलेल्या फेसासारखा हलका, एका अंगाने पिवळा. पिवळ्या अंगाला रक्त गोठवणारी द्रव्यं असतात. ते अंग जखमेवर टेकवायचं, वर ओला गॉझ ठेवायचा आणि तीन मिनिटं हाताने दाबून धरायचं. माहितीपत्रकात एवढंच आहे, आणि शेवटी ठळक अक्षरांत: मध्ये उचलू नये.

मी उचलत नाही. साधारण मिनिटभराने एक कोपरा किंचित, अगदी किंचित वर करून खाली कोरडं होतंय ना, एवढी फक्त खात्री करून घेते. खात्री न करता नुसता हात ठेवून उभं राहणं हा माझ्या मते निष्काळजीपणा आहे.

मोठे सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, संध्याकाळी म्हणाले, "असंच चाललं तर यकृताची कामं आपण शेजारच्या मोठ्या रुग्णालयाकडे पाठवू. त्यात कमीपणा नाही." त्यात कमीपणा आहे हे त्यांच्या आवाजातच होतं.

माझं काय चुकतंय? पॅचचा साठा खराब आहे का? मी फार जोरात दाबते, की फार हलकं? घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तळहात ठेवून दाबून बघितलं. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"कशाचं वजन करतेस?"

"हाताचं."

"कर बाई," म्हणाल्या. "पण भातावरचं झाकण पुन्हा काढू नकोस. मगाशीच तीनदा काढलंस, वाफ धरायची तरी कधी त्याने?"

गुरुवार, ११ जानेवारी

गाडी शिकायचा विसावा धडा. चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकायला घेतलं यात मला लाज वाटत नाही. विसावा धडा आहे याची थोडी वाटते. इतरांचं दहाव्यात आटोपतं.

शिकवणारे मास्तर अठ्ठावन्न वर्षांचे, शांत गृहस्थ आहेत. ते शेजारच्या आसनावर हात मांडीवर ठेवून बसतात. त्यांच्या पायापाशी स्वतःचा वेगळा ब्रेक आहे. आवाज म्हणून चढवत नाहीत. आज एका उंचवट्यावरून गाडी गेल्यावर मी थांबवली, उतरले आणि खाली वाकून बघितलं.

मी परत बसल्यावर मास्तरांनी विचारलं, "काय होतं?"

"काही नव्हतं."

"मग बरंय." थोड्या वेळाने म्हणाले, "डॉक्टरबाई, आरशात बघावं. पण अधूनमधून पुढच्या काचेतूनही बघावं."

हा माणूस मला आवडतो. कधी टाकून बोलत नाही. आज घरी सोडताना फक्त पोटावर हात फिरवत होते. माझ्या धड्यांचा ताण त्यांच्या पोटावर तर येत नसेल?

बुधवार, १७ जानेवारी

पॅच बसला! पूर्ण, घट्ट, कोरडा. आणि कारण सापडलं: हातमोजे. आजवर मी एक माप मोठे वापरत होते. बोटांशी सैल राहणारं रबर गॉझला ओढत असणार. आज पहिल्यांदा लहान माप घातलं आणि पहिल्याच फटक्यात यश. वर्षभर एवढी साधी गोष्ट लक्षात येऊ नये याचा स्वतःवर राग आला.

एकाच गोष्टीने आनंदावर विरजण पडलं. आमचे भूलतज्ज्ञ. यांना सगळे मौनीबुवा म्हणतात, कारण रुग्णाला झोपवलं की हे स्वतःही मिटतात. चार तासांच्या शस्त्रक्रियेत चार शब्द. आज मी पॅच ठेवला, हात दाबला, आणि नेमके त्या क्षणी यांना वाचा फुटली. म्हणाले, "मॅडम, आमचे एक काका गच्चीवर पाण्याची टाकी बघायला चढले. त्याचं काय झालं..." आणि सुरू. काका वर, शिडी भिंतीला. शेजारी आला आणि न विचारता शिडी घेऊन गेला, कारण त्याला खिडकी रंगवायची होती. काका वरून हाका मारतायत. शेजाऱ्याला वाटतंय काका नमस्कार करतायत, तोही खालून हात हलवतोय.

"मग?" सिस्टरांनी विचारलं. याच सिस्टरांनी एका विद्यार्थ्याला शिंकला म्हणून बाहेर काढलं होतं!

"मग काकांनी सदरा काढून..." मौनीबुवा म्हणाले आणि घड्याळाकडे बघून गप्प झाले. सिस्टर म्हणाल्या, "झाली वेळ, मॅडम."

सदरा काढून काय केलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. इतका अर्धवट बोलणारा माणूस मी पाहिला नाही.

मंगळवार, २३ जानेवारी

पुन्हा यश. लहान मोजे. आता शंकेला जागा नाही.

मौनीबुवांचंही पुन्हा तेच. दोन तास यकृत कापताना, म्हणजे गप्पा चालल्या असत्या तर माझी हरकत नव्हती तेव्हा, हूं नाही की चूं नाही. मी पॅच ठेवून हात दाबला की यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. काकांनी सदरा झेंड्यासारखा फडकवला. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं काका काही विकतायत. खाली गर्दी जमली. एकाने सदऱ्याचं माप विचारलं.

हसू आवरताना माझा हात हलू नये म्हणून किती कसरत करावी लागली! अशा वेळी माणसाचं सगळं लक्ष हाताखाली हवं. माझं लक्ष गच्चीवर होतं. खाली कोरडं होतंय का, हे बघायचंसुद्धा राहून गेलं. नशीब, मोजे चांगले होते.

शनिवार, २७ जानेवारी

गाडीची परीक्षा. नापास.

त्याबद्दल लिहायची इच्छा नाही.

परत येताना मास्तर पोटावर हात धरून बसले होते. मी माफी मागितली, तर म्हणाले, "तुमचं काही नाही हो, पोट दुखतंय." किती दिवस दुखतंय असं विचारलं. "नवरात्रापासून... नाही, बरेच दिवस," म्हणाले आणि दिवस मोजायला लागले. मोजता येईनात, तेव्हा मी त्यांना सोमवारी सोनोग्राफीला यायला सांगितलं. माझ्यामुळे पोट दुखत नाही हे एकदा कागदावर आलं की मलाही बरं वाटेल.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

माझ्यामुळे नाही. यकृताच्या उजव्या भागात लिंबाएवढी गाठ आहे. स्कॅन झाला, सगळ्या तपासण्या झाल्या. गाठ एकटी आहे, बाकी यकृत निरोगी, काढता येण्याजोगी आहे. पण काढायलाच हवी आणि लवकर.

मास्तर आणि त्यांच्या पत्नी माझ्यासमोर बसले होते. मी सगळं नीट समजावलं. मास्तरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ऑपरेशन कोण करणार?"

"मी."

टेबलाखाली त्यांचा पाय खटकन पुढे सरकला आणि जमिनीवर दाबला गेला. मला आवाज ऐकू आला.

"दुसरं कोणी नाही का?" त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं.

"आहेत. शेजारच्या मोठ्या रुग्णालयात. पण तिथे दोन महिन्यांची रांग आहे. एवढं थांबणं मला योग्य वाटत नाही. तरी तुम्ही त्यांचं मत जरूर घ्या. मी चिठ्ठी देते."

त्यांच्या पत्नी मला निरखत होत्या. म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलंय मला तुमच्याबद्दल."

"काय?"

"फार सांभाळून चालवता म्हणे. हिरवा दिवा लागला तरी तो हिरवाच आहे ना, हे ह्यांना विचारून घेता."

"अगं," मास्तर म्हणाले.

"का? चांगलंच आहे की ते!"

मला बरं वाटलं. असे सावध लोक रुग्णाच्या घरात असले की अर्धं काम होतं.

एक अडचण आहे आणि ती मोठी आहे. मास्तरांना तरुणपणी एका अपघातानंतर बरंच रक्त द्यावं लागलं होतं. तेव्हापासून त्यांच्या शरीराने परक्या रक्ताशी असं वैर धरलंय की कुणाचंही रक्त जुळत नाही. रक्तपेढीने दोन दिवस शोधून जुळणाऱ्या दोन पिशव्या मिळतील असं सांगितलं. तिसरी नाही. म्हणजे दोन पिशव्यांपेक्षा जास्त रक्त गेलं, तर माझ्याकडे त्यांना द्यायला काही नसेल.

मी त्यांना हेही सांगितलं. लपवणं मला जमत नाही. मास्तर म्हणाले, "म्हणजे टाकीत जेवढं आहे तेवढ्यातच पोचायचं."

मंगळवार, ६ फेब्रुवारी

मौनीबुवा रजेवर. त्यांच्या जागी दुसऱ्या विभागातल्या एक भूलतज्ज्ञ आल्या होत्या. अगदी आदर्श बाई. तोंडातून ब्र नाही. थिएटरमध्ये इतकी शांतता की मला माझ्या श्वासाचा आवाज येत होता. पॅच ठेवल्यावर हाताखालची प्रत्येक गोष्ट किती स्वच्छ जाणवत होती! रक्त झिरपतंय का, कोपरा चिकटलाय का, सगळ्याकडे लक्ष देता येत होतं.

पॅच सुटला. दुसरा लावावा लागला, तोही अर्धा सुटला. शेवटी टाके घालून आणि गॉझ दाबून भागवलं. रुग्ण ठीक आहे.

मोजे तर लहानच होते! घरी आल्यापासून डोक्याला भुंगा लागला होता. मग आठवलं: आज मोज्यांचा खोका नवीन उघडला होता. वेगळ्या कारखान्याचे असणार. उद्या जुना खोका शोधून माझ्या नावाने बाजूला ठेवायला सांगते.

ती शांतता मात्र मनातून जात नाही. मास्तरांसाठी मला अशीच शांतता हवी.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

मोठ्या सरांना भेटले. सांगितलं की पॅच दाबलेला असताना थिएटरमध्ये कुणी बोलू नये असा नियम करा. मौनीबुवांचं नाव घेतलं नाही. चुगली वाटली असती. सर चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

"नक्की?"

"नक्की."

"तुम्ही सिस्टरांशी बोललात?"

"सिस्टरच सगळ्यात जास्त 'मग, मग' करतात, सर."

त्यांनी पुन्हा एकदा "नक्की?" विचारलं आणि बरं म्हणाले. दुपारी बोर्ड आला: 'पॅच दाबलेला असताना बोलू नये.' सिस्टर तो हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या.

"मॅडम, एकदा विचार करा."

"केलाय."

"मास्तरांचं होऊन जाऊ दे, मग लावू?"

"त्यांच्यासाठीच तर लावतेय."

सिस्टरांनी एक मोठा उसासा सोडला आणि खिळा मागवला. त्यांना शिस्तीचं वावडं कधीपासून झालं, कळत नाही. मौनीबुवा फक्त "बरं" म्हणाले. मग दारातून वळून म्हणाले, "काका राहू देत वरतीच."

त्यांना राग आला असावा. मी कुणाला दुखवलं की मला झोप लागत नाही. पण रुग्ण आधी.

सोमवार, १२ फेब्रुवारी

मास्तर दाखल झाले. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं: थांबू नका. मला मनातून थोडी आशा होती की ते म्हणतील, आमच्याकडे द्या. ही आशा होती हे इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

दुपारी वॉर्डात गेले तेव्हा मास्तर खाटेवर अगदी ताठ बसले होते. गाडीत बसतात तसे, हात मांडीवर.

"एक विचारू? मी झोपलेला असताना तुमच्या शेजारी कोण असतं?"

"समोर सहायक, शेजारी सिस्टर. डोक्याशी भूलतज्ज्ञ."

"त्यांच्याकडे ब्रेक असतो का?"

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणून मीही थांबले आणि सांगितलं की शस्त्रक्रिया सगळे मिळून करतात, मी चुकतेय असं वाटलं तर कुणीही मला थांबवू शकतं.

"थांबवतात का पण?"

मी संमतिपत्र पुढे केलं. माझ्या आठवणीत तरी मला कधी कुणी थांबवलेलं नाही. त्यांनी संमतिपत्रावर सही केली.

कपाटात दोनच पॅच उरलेत. नवे पुढच्या आठवड्यात येतील. पुढे ढकलावं का? पण रक्ताच्या पिशव्यांनाही मुदत असते. नाही, उद्याच.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी आठला सुरुवात. जुन्या खोक्यातले लहान मोजे. गाठ शिरांपासून दूर निघाली, आणि कापायचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा चांगलं झालं. मोठ्या शिरा बांधल्या. तरी एक पिशवी लागलीच. गाठ भांड्यात पडली तेव्हा सहायकाने सुटकेचा श्वास सोडला. मी सोडला नाही, कारण कापलेला सगळा पृष्ठभाग झिरपत होता.

पहिला पॅच ठेवला. वर ओला गॉझ, वर माझा हात. सगळ्यांनी एकदम तोंडं मिटली. बोर्ड समोरच्या भिंतीवर. मौनीबुवांनी माझ्याकडे बघून एकदा हात वर केला, वर्गातल्या मुलासारखा. मी मान हलवून नाही म्हटलं. हात खाली गेला.

अशी शांतता! यंत्राची टिकटिक, आणि माझ्या हाताखाली काय चाललंय याचा विचार. चिकटला असेल का? एका बाजूने रक्त साठत असेल तर? साठत असेल आणि मी नुसती उभी असेन तर? पिशवी एकच उरली आहे. माझे हात शिवशिवू लागले. सिस्टर माझ्याकडे टक लावून बघत होत्या. सहायक डोळे मिटून उभा होता, झोप आली असावी. कोपरा किंचित, अगदी किंचित...

अख्खा पॅच गॉझबरोबर वर आला. त्याच्यासोबत गोठत आलेलं सगळं रक्तही सोलून निघालं, आणि आधी झिरपत होतं तिथून आता वाहायला लागलं.

मी दोन्ही हातांनी गॉझ दाबला. मौनीबुवा म्हणाले, "रक्तदाब उतरतोय." त्यांनी दुसरी पिशवी लावली. शेवटची. एक बारीक शीर उघडी पडली होती, तिला टाका घातला. हात आपापलं काम करत होते. हात मांडीवर ठेवून बसलेले मास्तर डोळ्यांसमोर येत होते.

"दुसरा पॅच," मी म्हटलं.

सिस्टरांनी पॅच उचलला, पण दिला नाही. तसाच हातात धरून त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमची गाडीची परीक्षा झाली ना? कशी झाली?"

मला वाटलं माझ्या कानांना काहीतरी झालंय. "सिस्टर! बोर्ड!"

"पॅच दाबलेला असताना बोलू नये, असं आहे बोर्डावर. अजून माझ्या हातात आहे." आणि मग पॅच माझ्या बोटांत दिला, मी तो जागेवर टेकवला, गॉझ ठेवला, हात दाबला, तरी त्यांचे डोळे माझ्यावरच. "नापास झालात म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे. गाडी वाकडी गेली?"

आता हा निव्वळ अन्याय होता. "वाकडी मुळीच गेली नाही," मी म्हटलं. "दोन खांबांच्या मधून गाडी मागे न्यायची होती. मी आरशात बघितलं, तर उजवा खांब दिसेना. म्हणून थांबले, उतरले आणि मागे जाऊन बघितलं."

"होता?" मौनीबुवा यंत्राच्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

"होता. मग बसले, थोडी मागे घेतली. आता डावा दिसेना."

"पुन्हा उतरलात?"

"उतरावंच लागलं! न बघता घ्यायची का? तिसऱ्या वेळी परीक्षकही खाली उतरला. म्हणतो, बाई, खांब पुरलेले आहेत, पळून जाणार नाहीत. मी म्हटलं, मला पळून जाण्याची भीती नाही, मला ते नक्की कुठे आहेत हे बघायचंय."

"बरोबर आहे," सिस्टर म्हणाल्या.

"बरोबरच आहे. आम्ही दोघं खांबापाशी उभे राहून बोलतोय, आणि..." इथे मला थांबावंसं वाटलं. ही गोष्ट मी घरीही सांगितलेली नाही.

"आणि?" सहायकाने विचारलं. त्याची झोप उडाली होती.

"आणि हँडब्रेक ओढायचा राहिला होता. गाडी आपली आपण हळूहळू मागे यायला लागली. परीक्षक ओरडतोय. मास्तर कुंपणापलीकडून धावतायत, आणि त्यांचा एक पाय मधूनमधून जमिनीवर दाबला जातोय. मी गाडीच्या मागे पळणार, तेवढ्यात परीक्षकाने माझा दंड धरला. आणि गाडी, आत कोणी नसताना, दोन्ही खांबांच्या मधून सरळ मागे गेली आणि रेषेवर जाऊन थांबली. बरोब्बर रेषेवर. परीक्षकाने मोजून बघितलं. म्हणाला, गाडी पास आहे. तुम्ही नापास."

सहायकाचे खांदे हलत होते. मौनीबुवांनी तोंड दुसरीकडे वळवलं होतं आणि डोळे पुसत होते. मी चिडून म्हटलं की यात हसण्यासारखं काय आहे, नियमाप्रमाणे चालक आत असायला हवा हे मलाही मान्य आहे, पण गाडी थांबली कशामुळे? जमिनीच्या उतारामुळे, आणि उतार होता तर परीक्षेची जागाच चुकीची, आणि मी तसा अर्ज करणार आहे, आणि...

"मॅडम," सिस्टर म्हणाल्या, "पाच मिनिटं झाली."

"पाच? तीनला का नाही सांगितलं?"

"तुम्ही बोलत होता. म्हटलं, मध्ये कशाला तोडायचं."

गॉझवर पाणी सोडलं. पॅचचा कडेचा भाग चिमट्याने धरून ठेवला आणि गॉझ हळूच काढला. पॅच जागेवर होता. सगळ्या कडा चिकटलेल्या, खाली कोरडं. मी वाट बघितली. कोरडं. पांढराशुभ्र गॉझ टेकवून बघितला. पांढराच राहिला.

"दाब चढतोय," मौनीबुवा म्हणाले.

दुसरी पिशवी संपली होती. तिसरी लागली नाही.

बाहेर मास्तरांच्या पत्नी भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी सांगितलं, "गाठ निघाली. रक्त थांबलंय." त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मलाही सोडवून घ्यावेसे वाटले नाहीत.

बुधवार, १४ फेब्रुवारी

मास्तर जागे आहेत. पोटात ठेवलेल्या नळीतून येणारं पाणी जवळजवळ स्वच्छ. मी सकाळपासून पाच वेळा बघून आले. सहाव्या वेळी वॉर्डच्या नर्सने खुर्ची दिली.

मास्तर कष्टाने म्हणाले, "खरं सांगा. मध्येच थांबून, उतरून बघितलंत?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. "एकदा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मोठे केले. मग मान पत्नीकडे वळवली. "एकदाच," ते तिला म्हणाले. "ऐकलंस का? एकदाच." आणि हसायला गेले, टाके ओढले गेले, तर पोट धरून "आई गं" म्हणत हसत राहिले.

दुपारी मोठ्या सरांकडे जाऊन स्वतःविरुद्ध तक्रार नोंदवली. माझ्याच आग्रहाने केलेला नियम मीच मोडला, सगळ्यांत जास्त वेळ मीच बोलले, आणि तेही रुग्णाच्या जिवाशी खेळ चालू असताना. शिवाय मोज्यांबद्दलचं माझं अनुमान तपासून बघायला हवं, कारण पहिला पॅचही त्याच मोज्यांनी सुटला होता. सरांनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं.

"शिक्षा म्हणून," ते म्हणाले, "बोर्ड काढून टाका. आणि पुढच्या प्रत्येक पॅचला काहीतरी बोलायचं."

"कशाबद्दल?"

"तुम्हाला विषयांची कमी आहे का?"

शिक्षेमागचं तर्कशास्त्र मला कळलं नाही. पण त्यांनी रागावून काही म्हटलं नाही, आणि यकृताची कामं दुसरीकडे पाठवायचीही गोष्ट काढली नाही.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

मास्तर आज घरी गेले. गाठीचा अहवाल आला: कडा स्वच्छ, गाठ पूर्ण निघाली आहे. नळी काढून दोन दिवस झाले. जखम कोरडी. पट्टी सकाळी बदलली, ती मी स्वतः बघितली.

चाकाच्या खुर्चीत त्यांना बसवलं. पत्नी ढकलत होत्या. मी आणि सिस्टर वॉर्डच्या दारात उभ्या होतो. लांब मार्गिका, दोन्ही बाजूंना खाटा, स्ट्रेचर, माणसं.

"डावीकडे घे," मास्तर म्हणत होते. "हळू. समोरून येतंय ना कोणीतरी. थांब. आता सोड. अगं, कोपरा आला, वेग कमी कर."

पत्नी थांबल्या. खुर्चीची मूठ सोडून त्या बाजूला झाल्या. "घ्या. तुम्हीच चालवा."

मास्तरांनी एकदा वर बघितलं. मग खुर्चीच्या हातांवर भार देऊन सावकाश उठले, पोटावर एक हात धरला आणि चालायला लागले. पहिली दोन पावलं जरा वाकडी पडली. माझ्या मनात आलं, पट्टी सरकली असेल. उठताना ताण आला असेल. एकदा, फक्त एकदा सदरा वर करून बघायला हवं. मी पुढे झाले.

सिस्टरांनी माझं कोपर धरलं. "जाऊ दे, मॅडम."

"मी फक्त..."

"जाऊ दे त्यांना."

मी उभी राहिले. मास्तर भिंतीच्या कडेकडेने चालत होते, मागे रिकामी खुर्ची ढकलत पत्नी. कोपऱ्यावर त्यांनी आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, आणि वळले. माझ्याकडे मागे वळून त्यांनी बघितलं नाही. मी बराच वेळ तिथेच होते. सिस्टरांचा हात माझ्या कोपरावर तसाच होता, आणि तो घट्ट होता.